फलकावरचे वर्ष

खाडीकाठच्या एका वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेल्या मार्चमध्ये काही कामानिमित्त जाणे झाले. शाळा दोन शिक्षकी, पटावर वीस-बावीस मुले. पडवीच्या कोपऱ्यात, जांभ्याच्या भिंतीला लागून, पाणी शुद्ध करण्याचे एक स्टीलचे यंत्र उभे होते. त्याच्या वर काळ्या ग्रॅनाइटचा फलक होता आणि फलकावर सोनेरी अक्षरांत एका सेवाभावी क्लबचे नाव, खाली अध्यक्ष, सचिव आणि प्रकल्पप्रमुख यांची नावे, त्याखाली डिस्ट्रिक्ट गव्हर्नरांचे, म्हणजे अनेक क्लब मिळून होणाऱ्या विभागाच्या प्रमुखांचे, नाव आणि शेवटी वर्ष: २०१६-१७. यंत्राच्या नळाला सुतळी बांधलेली होती, माथ्यावर जुनी हजेरीपत्रके रचलेली होती आणि मागच्या फटीत खराटा खोचलेला होता. मुख्याध्यापिका म्हणाल्या की पहिली दोन वर्षे यंत्र उत्तम चालले, मग धार बारीक होत गेली. शिमग्यानंतर विहिरीचे पाणी मचूळ होते, त्यामुळे फिल्टर लवकर चोंदतो. दुरुस्तीवाला तालुक्याहून यायचेच पैसे आधी मागतो आणि शाळेच्या अनुदानात तो खर्च कुठल्या सदरात घालायचा हे कोणालाच कळत नाही. फलकावरच्या अध्यक्षांना त्यांनी फोन केला होता. ते अदबीने बोलले, मुलांची चौकशी केली आणि म्हणाले, "बाई, आता नवीन बॉडी आहे, तुम्ही त्यांच्याशी बोला." नव्या बॉडीच्या अध्यक्षांना हे यंत्र आपल्याच क्लबने दिले आहे हे ठाऊक नव्हते.

तो क्लब कोणता हे सांगण्यात अर्थ नाही. मी स्वतः सात वर्षे अशाच एका क्लबचा सभासद होतो आणि अशा दोन यंत्रांच्या लोकार्पणाला मी टाळ्या वाजवलेल्या आहेत. ती यंत्रे आज कोणत्या अवस्थेत आहेत हे पाहण्यासाठी मी त्या दिवसापर्यंत एकदाही गेलो नव्हतो. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे ते बाहेरून केलेले शरसंधान समजू नये. माझा मुद्दा एवढाच आहे की रोटरी किंवा लायन्ससारख्या आंतरराष्ट्रीय सेवासंस्थांचे कोकणातले काम कमी पडते ते पैशामुळे नव्हे, हेतूमुळे तर मुळीच नव्हे. ते कमी पडते त्यांच्या वर्षामुळे. १ जुलैला सुरू होणारे आणि ३० जूनला संपणारे हे वर्ष ज्या कामांना मानवते ती कामे हे क्लब फार चांगली करतात, आणि ज्यांना मानवत नाही त्यांच्यावर फक्त फलक उरतो.

या वर्षाचे मूळ समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने आपल्या तीन परिचितांना, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी, एकत्र बोलावले. हॅरिस वाढला होता आजी-आजोबांकडे, व्हर्मॉन्टमधल्या एका लहान गावात, आणि शिकागोसारख्या अफाट शहरात त्याला गावातली ओळखपाळख आठवत असे. सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरत, म्हणून नाव पडले रोटरी. पुढे सगळी यंत्रणा याच फिरण्याच्या तत्त्वावर उभी राहिली. सभेची जागा फिरे, तसे पदही फिरू लागले. क्लबचा अध्यक्ष एक वर्षासाठी, डिस्ट्रिक्टचा गव्हर्नर एक वर्षासाठी, इतकेच काय, जगभरातल्या सुमारे १२ लाख सभासदांच्या संघटनेचा आंतरराष्ट्रीय अध्यक्षही एकाच वर्षासाठी. भारतात हे चाक १९२० च्या आरंभी कलकत्त्यात पोहोचले, १९२९ मध्ये मुंबईत क्लब निघाला आणि पुढे नितीश लाहरी, राजेंद्र साबू, कल्याण बॅनर्जी आणि शेखर मेहता असे चार भारतीय या संघटनेचे जागतिक अध्यक्ष झाले. लायन्सची कथा फार वेगळी नाही: तेही शिकागोचे, १९१७ चे, मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाच्या पुढाकारातून निघालेले, आणि १९५६ मध्ये भारतात आलेले.

हॅरिसची ही घरओढ वाचताना कोकणी माणसाला गिरणगाव आठवल्यावाचून राहत नाही. त्याच काळात रत्नागिरी जिल्ह्यातले हजारो तरुण मुंबईच्या गिरण्यांत जात होते, एकेका गावाची म्हणून ठरलेल्या चाळीतल्या खोल्यांत दाटीवाटीने राहत होते आणि त्या खोल्यांतूनच गावोगावची मंडळे जन्माला येत होती. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची इमारत, पाखाडी, विहीर, स्मशानशेड, यांतली कितीतरी कामे मुंबईकर मंडळाच्या वर्गणीतून झाली आहेत. शिकागोतल्या क्लबचे आणि आपल्या मंडळाचे बीज एकच, मोठ्या शहरात हरवलेले गाव. वाटा मात्र उलट्या दिशांना गेल्या. मंडळ एकाच गावाला जन्मभर चिकटून राहिले, क्लब साऱ्या जगाचा झाला. मंडळात पदाधिकारी बदलत नाहीत, ही त्याची व्याधी. काही मंडळांत खजिनदार बदलण्याचा विषय निघाला की सभा तहकूब होते. क्लबची व्याधी नेमकी याच्या विरुद्ध आहे, आणि म्हणूनच या दोघांची गाठ पडायला हवी असे मला वाटते. त्याकडे पुढे येतो.

अध्यक्षपद दरवर्षी बदलण्याचे फायदे मोठे आहेत, हे आधी मान्य केले पाहिजे. कोकणातल्या कुठल्याही पतसंस्थेचा, शिक्षणसंस्थेचा किंवा देवस्थानाचा इतिहास उघडला तर एकाच घराण्याची चाळीस वर्षे त्यात सापडतात. रोटरीत ते होत नाही. होमिओपॅथीचा डॉक्टर, काजू कारखानदार, बँकेतला अधिकारी, हार्डवेअरचा दुकानदार असे एकामागून एक लोक अध्यक्ष होतात, प्रत्येकाला सभा चालवावी लागते, हिशेब मांडावा लागतो, चार माणसांपुढे उभे राहून बोलावे लागते. बाजारपेठेच्या गावात हे प्रशिक्षण दुसरे कोणी देत नाही. पण या वर्षाला एक उतरंड आहे. जुलैमध्ये पदग्रहण सोहळा, गळ्यात अध्यक्षीय साखळी, घंटा, पाहुणे. ऑगस्टमध्ये वृक्षारोपण आणि वह्यावाटप. नंतर गव्हर्नरांची अधिकृत भेट, त्यासाठी क्लबकडे दाखवण्याजोगा एखादा प्रकल्प असणे आवश्यक. दिवाळीनंतर शिबिरे, जानेवारी-फेब्रुवारीत डिस्ट्रिक्टची परिषद, आणि मे उजाडला की डिस्ट्रिक्टच्या पुरस्कारांसाठी अहवाल, ज्यात प्रकल्पांची संख्या, लाभार्थींची संख्या आणि छायाचित्रे जोडायची असतात. या उतरंडीत मागच्या वर्षीच्या प्रकल्पाची डागडुजी कुठेच बसत नाही. वर्तमानपत्रात नावामागे "रो." (रोटेरियन) किंवा "ला." (लायन) लागते ते नव्या कामासाठी, जुना फिल्टर बदलल्याची बातमी कोण छापणार?

आता याच संघटनेचे दुसरे रूप पाहावे. १९७९ मध्ये रोटरीने फिलिपिन्समधल्या सुमारे ६० लाख मुलांना पोलिओची लस देण्याचा प्रकल्प हाती घेतला. १९८५ मध्ये जगभरच्या मोहिमेची घोषणा झाली, १२ कोटी डॉलर जमवायचे ठरले आणि १९८८ पर्यंत त्याच्या दुपटीहून अधिक, २४ कोटी ७० लाख डॉलर उभे राहिले. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्यासह जी जागतिक मोहीम सुरू झाली, तेव्हा १२५ देशांत पोलिओ ठाण मांडून होता आणि वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुले लुळी पडत होती. भारतात २००९ मध्ये ७४१ रुग्ण सापडले, ते त्या वर्षीच्या जगातल्या रुग्णांच्या जवळजवळ निम्मे होते. २०१० मध्ये ते ४२ वर आले. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात शेवटचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशियाला पोलिओमुक्त घोषित करण्यात आले. या यशातला सिंहाचा वाटा सरकारी यंत्रणेचा, अंगणवाडी सेविकांचा आणि आशाताईंचा आहे. ऑक्टोबरच्या उन्हात शीतपेटी खांद्याला लावून धनगरवाड्या चढणारी बाई क्लबची सभासद नव्हती. परंतु मोहीम मरगळू न देता तिच्यामागे पैसा, प्रसिद्धी आणि राजकीय आग्रह चार दशके धरून ठेवण्याचे काम रोटरीने केले, आणि नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणू अफगाणिस्तान व पाकिस्तानपुरता उरला असतानाही ते सोडलेले नाही.

या चार दशकांत क्लबचे अध्यक्ष चाळीसदा बदलले असतील. तरीही मोहीम टिकली, कारण ती कोणत्याही एका अध्यक्षाची नव्हती. तिचा पैसा रोटरी फाउंडेशनकडे होता, जिची सुरुवात १९१७ मध्ये आर्च क्लम्फ यांच्या कल्पनेतून झाली आणि जिला मिळालेली पहिली देणगी अवघ्या साडेसव्वीस डॉलरची होती. तिचे यश मोजायला एकच आकडा होता, यंदा किती मुले लुळी पडली, आणि तो आकडा क्लब ठरवत नव्हता, प्रयोगशाळा ठरवत होती. तिथे "लाभार्थी संख्या" फुगवून चालत नव्हते. गावातल्या क्लबजवळ यांतले काहीच नसते. अध्यक्षाचा प्रकल्प अध्यक्षाबरोबर येतो, बराचसा त्याच्या आणि त्याच्या मित्रांच्या खिशातून होतो आणि त्याचे यश उद्घाटनाच्या दिवशीच मोजून झालेले असते.

तर मग कोकणात कोणते काम या एका वर्षाच्या वेळापत्रकाला मानवते? माझे उत्तर थोडे विचित्र वाटेल: जे काम मुळातच दरवर्षी मोडते ते. वनराई बंधाऱ्याचे उदाहरण घ्यावे. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही एप्रिलमध्ये टँकर फिरतात, कारण जांभ्याच्या सच्छिद्र दगडातून आणि तीव्र उतारावरून पाणी बघता बघता समुद्राला मिळते. भातकापणी आटोपली आणि वहाळाचे पाणी गुडघ्याखाली आले की सिमेंटच्या व खताच्या रिकाम्या गोण्या माती-वाळूने भरून प्रवाहावर रचायच्या, सांधे चिखलाने लिंपायचे, मध्ये प्लास्टिकचा कागद अंथरायचा. तीस माणसे असतील तर एका सकाळी बंधारा उभा राहतो. संध्याकाळपर्यंत मागे पाणी तुंबते, आठवड्यात आजूबाजूच्या विहिरींची पातळी हलते, गुरांना पाणी मिळते, कुळीथ, पावटा आणि भाजीपाला निघतो. जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात बंधारा वाहून जातो. जाऊ द्यावा, नोव्हेंबरात नवे अध्यक्ष आलेलेच असतात. दरवर्षी नव्याने करायचे हे काम दरवर्षी नव्याने सुरू होणाऱ्या संस्थेला जणू बेतून दिलेले आहे. यात खर्च नगण्य, यंत्र नाही, वॉरंटी नाही, दुरुस्तीवाला नाही. फक्त एकच अडचण, बंधाऱ्यावर ग्रॅनाइटचा फलक लावता येत नाही, आणि मला शंका आहे की क्लबांच्या अहवालात बंधाऱ्यांपेक्षा बाकडी जास्त दिसतात याचे कारण तेच असावे.

मोतीबिंदूची शिबिरेही याच जातीची, निदान अर्धीअधिक. अंधत्व निवारणाचे काम लायन्सने १९२५ पासून आपले मानले आहे. त्या वर्षी ओहायोतल्या त्यांच्या अधिवेशनात हेलन केलर यांनी त्यांना या लढाईत उतरण्याचे आवाहन केले होते. कोकणात या कामाची गरज वेगळी सांगायला नको. मुले मुंबई-पुण्याला, घरात सत्तरी ओलांडलेले दोघे, आणि त्या दोघांतही दिसणारे एकच. दिवाळीनंतर शिबिर लागते, तपासणी होते, बस ठरवून रुग्ण शहरातल्या रुग्णालयात नेले जातात, शस्त्रक्रिया मोफत होते, दुसऱ्या दिवशी पट्टी काढून काळा चष्मा देऊन त्यांना घरी सोडतात. इथपर्यंत क्लबाचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे ठरल्या वेळी थेंब घालावे लागतात आणि पुन्हा तपासणीला जावे लागते. कुडाळ तालुक्यातल्या एका शिबिरानंतर रुग्णांच्या घरी जाण्याची जबाबदारी आम्ही चौघांनी घेतली होती. एका मांगरवजा घरात एकट्या राहणाऱ्या आजोबांनी बाटली हातात धरून विचारले, "डोळो बरो झालो, पण थेंब घालतलो कोण?" त्यांचे हात कापत होते आणि थेंब गालावर पडत होता. शेजारच्या अंगणवाडी मदतनीस ताईंनी दिवसातून तीनदा येऊन ते काम केले. आमच्या अहवालात शस्त्रक्रियांची संख्या होती. त्या ताईंचे नाव नव्हते. पुढच्या वर्षी मात्र शिबिराच्या आधीच प्रत्येक रुग्णामागे वाडीतला एक माणूस ठरवायचा असा नियम आम्ही केला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी, नवी बॉडी आल्यावर, तो नियम कोणालाच आठवला नाही.

आपत्तीच्या वेळी क्लबची खरी ताकद दिसते, आणि ती पैशाची नसते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले तेव्हा बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत चिखल झाला. १८६४ पासून चालत आलेल्या तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरालाही, २००५ नंतर पुन्हा एकदा, पुराने गाठले. पाणी ओसरल्यावर राज्यभरातून टेम्पो भरभरून मदत आली. त्यात जुन्या साड्यांचे आणि लहान मुलांच्या कपड्यांचे ढीग होते, जे पावसात रस्त्याकडेला भिजून गेले. हवे होते ते फावडी, घमेली, रबरी बूट, पाण्याचे पंप, फिनेल, टॉर्च आणि वीज तपासणारा वायरमन. हे कोणाला कळते? ज्याचे स्वतःचे दुकान बुडाले आहे त्याला. आणि त्याने फोन करायचा कोणाला? इथे क्लबचे जाळे कामी येते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतले रोटरी क्लब गोवा, कोल्हापूर, सांगली आणि बेळगावच्या क्लबांसह एकाच डिस्ट्रिक्टमध्ये मोडतात; घाटावरच्या औद्योगिक शहरातल्या सभासदाला "कपडे नकोत, पंप पाठव" असे स्पष्ट सांगण्याइतकी ओळख वर्षानुवर्षांच्या परिषदांतून आणि बॅनर बदलाबदलीतून झालेली असते. ज्या फेलोशिपच्या जेवणांवर लोक टीका करतात, आणि मीही केली आहे, त्या जेवणांचा हिशेब अशा आठवड्यात चुकता होतो. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हाही कौले आणि पत्रे जिथे पोहोचले ते ओळखीतूनच पोहोचले.

बागांचे मात्र तसे झाले नाही. नारळ-सुपारीचे झाड पडले की नवे लावून उत्पन्न यायला सुपारीला पाच-सात वर्षे लागतात, नारळाला साधारण तेवढीच. वादळानंतर वाटलेल्या रोपांपैकी किती जगली, हे विचारायला तिसऱ्या वर्षी कोण गेले? एका वर्षाच्या संस्थेने सात वर्षांचे झाड हाती घेतले की दोष झाडाचा नसतो.

येथे कोणी म्हणेल की मोठ्या कामांसाठी रोटरीजवळ ग्लोबल ग्रँटची, म्हणजे फाउंडेशनकडून मिळणाऱ्या मोठ्या अनुदानाची, सोय आहे. आहे, आणि ती विचारपूर्वक बांधलेली आहे. प्रकल्प किमान ३० हजार डॉलरचा हवा, यजमान क्लबबरोबर दुसऱ्या देशातला भागीदार क्लब किंवा डिस्ट्रिक्ट हवा, आधी लोकांची गरज तपासल्याचा लेखी पुरावा हवा, दिलेली यंत्रसामग्री क्लबच्या मालकीची न राहता लाभार्थी संस्थेच्या नावावर हवी, आणि पैसे संपल्यावर काम कसे चालणार याचे उत्तर अर्जातच हवे. फाउंडेशनच्या वार्षिक निधीला आलेली देणगीसुद्धा लगेच खर्च होत नाही. ती तीन वर्षे गुंतवून ठेवली जाते आणि मग साधारण निम्मा भाग ज्या डिस्ट्रिक्टमधून आली त्याच्या हाती परत येतो. म्हणजे वरची संस्था तीन-पाच वर्षांच्या हिशेबाने विचार करते आणि खालचा क्लब बारा महिन्यांच्या. मौज अशी की ग्रँटसाठी जी शिस्त क्लब मुकाट्याने पाळतो, ती स्वतःच्या खिशातून केलेल्या पन्नास हजारांच्या कामाला लावत नाही. डायलिसिसचे यंत्र परदेशी भागीदाराच्या पैशातून आले तर तंत्रज्ञ कोण, पाणी कुठले, वीज गेली तर काय, असे सगळे प्रश्न आधी विचारले जातात. शाळेतल्या पाण्याच्या यंत्राबाबत मात्र "देऊन टाकू, मुलांना उपयोग होईल" एवढ्यावर भागते. डॉलरला जो धाक आहे तो रुपयाला का नसावा?

गरज तपासणे हा शब्द जड वाटतो, पण त्याचा अर्थ वाडीत जाऊन बसणे एवढाच आहे, आणि तिथे सभासदत्वाचा प्रश्न येतो. रोटरीची मूळ कल्पना अशी की गावातल्या प्रत्येक व्यवसायाचा प्रतिनिधी क्लबमध्ये असावा. पहिल्या चौघांत एक शिंपी होता, हे विसरू नये. आपल्या क्लबांत डॉक्टर, वकील, बिल्डर, व्यापारी, चार्टर्ड अकाउंटंट आहेत. मच्छिमार सोसायटीचा चेअरमन क्वचित, एसटीचा वाहक नाही, आंबा बागेत राखण करणारा नाही, बचत गटाची अध्यक्षा नाही. वर्गणी, जेवण आणि सूट-टाय यांचा खर्च हे एक कारण. आपण कोणाच्या पंगतीला बसतो याची जुनी गणिते हे दुसरे, जे सभेत कोणी उच्चारत नाही. स्त्रियांनाही रोटरीचे दार १९८९ मध्येच उघडले, तेही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कान टोचल्यानंतर. तालुक्याच्या गावांत त्या आजही बऱ्याचदा "ॲन" म्हणून बोलावल्या जातात, म्हणजे सभासदाची पत्नी म्हणून. ज्या क्लबमध्ये हंडा वाहणारे डोके नाही, त्याला विहिरीचे पाणी शिमग्यानंतर मचूळ होते हे कळणार कसे?

यावर एक सरळ आक्षेप येतो आणि तो टाळणे बरे नाही. ही खात्यापित्या लोकांची हौस आहे, तिच्याकडून एवढ्या अपेक्षा कशाला? पाणी, डोळे, शाळा ही सरकारची जबाबदारी. क्लबने वह्या वाटल्या तर वाटू द्याव्यात. मला हे पटत नाही, आणि त्याचे कारण पुन्हा शिकागोतच आहे. १९०७ च्या सुमारास त्या पहिल्या क्लबने हाती घेतलेले सार्वजनिक काम म्हणजे शहराच्या मध्यभागी सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे यासाठी केलेला पाठपुरावा. त्यांनी फिरते शौचालय भेट दिले नाही. महापालिकेकडून ते करून घेण्यासाठी इतर संस्थांना बरोबर घेऊन ते मागे लागले. मुंबई-गोवा महामार्गावर गणपतीला गावी येणाऱ्या बायकांना आजही तासन्‌तास पाणी न पिता बसावे लागते, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीची ती पहिली निवड किती अचूक होती हे कळते. हौस असेलही, पण गावातल्या ज्या वीस-पंचवीस माणसांचा शब्द तहसीलदार ऐकतो, ती माणसे दर आठवड्याला एका खोलीत जमतात. त्यांनी बाकडी वाटण्याऐवजी तो शब्द खर्च केला तर सरकारची जबाबदारी सरकारकडून करवून घेता येते. शाळेच्या अनुदानात यंत्रदुरुस्तीला सदर नाही, हे जिल्हा परिषदेत जाऊन बदलून घेणे हा एक पूर्ण वर्षाचा प्रकल्प आहे.

आणि जिथे काम एका वर्षापलीकडचे आहे, तिथे ते मुंबईकर मंडळाशी किंवा गावकीशी लेखी करार करूनच हाती घ्यावे. मंडळाला पैसे उभे करता येतात, गावात पोहोचता येते, आणि मुख्य म्हणजे ते कुठे जात नाही. त्याला तांत्रिक माहिती, हिशेबाची शिस्त आणि बाहेरच्या जगाची ओळख कमी पडते, जी क्लबजवळ भरपूर आहे. मी पाहिलेल्या एका गावात असे झाले आहे. क्लबने पाण्याची टाकी आणि पंप दिला, मंडळाने दर गणपतीत सभेच्या वेळी घरटी वर्गणीतून दुरुस्तीचा निधी बाजूला काढण्याचे कबूल केले, आणि सातव्या वर्षीही पंप चालू आहे. तिथे फलकावर दोन नावे आहेत, क्लबचे आणि मंडळाचे, आणि व्यक्तीचे एकही नाही. फलक कोणी पुसतही नाही, त्यामुळे अक्षरे अर्धी बुजली आहेत.

खाडीकाठच्या त्या शाळेतून परतताना मी आमच्या जुन्या क्लबच्या सचिवांना फोन करून गेल्या दहा वर्षांतल्या प्रकल्पांची यादी मागितली. ती एकत्र अशी कुठेच नव्हती. दहा अहवाल दहा माजी अध्यक्षांच्या घरी होते, त्यांतले दोन मिळाले नाहीत, एक अध्यक्ष आता ठाण्याला राहतो. शेवटी आठ अहवालांतून आम्ही एका वहीत ४३ नोंदी काढल्या: वस्तू, गाव, दिल्याची तारीख, आणि पुढे एक रिकामा रकाना, "आज काय स्थिती". दोन मोटारसायकली, चार माणसे आणि दोन रविवार एवढ्यात २६ ठिकाणी जाऊन आलो. अकरा वस्तू चालू होत्या, नऊ बंद, सहा सापडल्या नाहीत. बंद असलेल्या नवांपैकी पाच पाण्याची यंत्रे होती आणि त्यांतल्या तीन यंत्रांना फक्त फिल्टर हवा होता. ती वही आता सचिवांकडे आहे. येत्या १ जुलैला साखळीबरोबर तीही नव्या अध्यक्षाच्या हाती द्यायची, असे ठरले आहे. उरलेल्या १७ नोंदींसमोरचा रकाना अजून कोरा आहे.